माणसाला चालेल असा टाका

"सूनबाई, हा टाका माणसाला चालेल. कापडाला नाही चालायचा."

सासऱ्यांनी अर्धवट शिवलेला चेंडू हातात घेऊन त्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि तो टेबलावर परत ठेवला. चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. सून सर्जन. रविवारची दुपार होती आणि ती जेवणाच्या टेबलाशी बसून मुठीत मावेल एवढा चेंडू शिवत होती.

चेंडू पायाने खेळायचा होता. जेवणाच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या गच्चीवर डॉक्टर आणि नर्स गोल करून उभे राहायचे आणि मणी भरलेला कापडी चेंडू हात न लावता एकमेकांकडे उडवायचे. खाली पडला की डाव गेला. विकतचा चेंडू परवा ऐन रंगात फुटला होता. उद्या हाडांच्या विभागाशी सामना होता. म्हणून तिने नवऱ्याच्या जुन्या कॉर्डरॉयच्या पँटचे बारा पंचकोनी तुकडे कापले होते. ते सगळे एकमेकांना जोडले की चेंडू होणार होता.

"काय वाईट आहे त्या टाक्यात?" तिने विचारलं.

"प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ मारलीयस."

"मारायचीच असते, बाबा. एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात."

"आणि काढायचे कधी? आठव्या दिवशी?"

सून हसली नाही. सकाळपासून सात तुकडे जोडून झाले होते आणि बोटाला दोनदा सुई टोचली होती. लोकांची पोटं ती रोज शिवत होती, पण पोटाची कड या कापडासारखी वळून आत घुसत नाही.

"मग तुम्हीच दाखवा ना!"

सासऱ्यांचे हात मघापासून शिवशिवत होतेच. त्यांनी चहाचा कप बाजूला सरकवला. "आण. तुझी ती वाकडी सुई नको. सरळ दे."

त्यांनी सुई खिडकीकडे धरली. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, चिमटीत चपटं केलं आणि ऐटीत पुढे नेलं. दोरा नेढ्याच्या शेजारून गेला. पुन्हा नेला. पुन्हा शेजारून. तिसऱ्या वेळी तर तो सुईपासून चांगला बोटभर लांब होता.

"हल्ली नेढी बारीक करतात," ते म्हणाले. "लोखंड वाचवायला."

दोन वर्षं त्यांचा मोतीबिंदू पिकत होता. कुणी विषय काढला की, "मला सगळं लख्ख दिसतं," म्हणून ते तरातरा आत निघून जात. एकदा तर कपाटात गेले होते.

सुनेने दुसरी सुई ओवली आणि त्यांच्या बोटांपाशी ठेवली. त्यांनी ती उचलली.

मग मात्र बोटं अशी सुटली की ती बघतच राहिली. "याला हातटीप म्हणतात," ते सांगत होते. "दोन पावलं पुढे, एक मागे. घाई करायची नाही. दोरा ओढायचा तो लाडाने, रागाने नाही." नजर खिडकीबाहेर आणि सुई कापडात. पाच तुकडे बघता बघता जोडले गेले. चेंडू उलटवून झाला. तिने वाडग्यातले मणी आत ओतले, आणि उरलेलं बोटभर तोंड ते टेबलावर टेकवूनच शिवू लागले. शेवटी गाठ मारली, दोरा दाताने तोडला.

"घे. हाडवाल्यांना म्हणावं, आता आपापली हाडं सांभाळा."

त्यांनी चेंडू उंच उचलला. चेंडूबरोबर टेबलक्लॉथही उठला. कप आडवा झाला, वाडगा घरंगळला, आणि उरलेले मणी टपाटप साऱ्या खोलीभर उड्या मारत गेले.

"काय पडलं?" आतून नवऱ्याचा आवाज आला.

"काही नाही!" दोघं एकदम ओरडले.

सुनेने चेंडू एका हातात धरला, टेबलक्लॉथ दुसऱ्या हातात, आणि ओढून पाहिलं. जोर लावून पाहिलं.

"शिवण मात्र पक्की आहे," ती म्हणाली.

"ती असणारच," सासरे म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

ती गुडघ्यांवर बसून टेबलाखालचे मणी गोळा करू लागली. वरून सासऱ्यांचा आवाज आला.

"त्या डोळ्याच्या ऑपरेशनला टाके किती पडतात गं?"

तिचा हात थांबला. "एकही नाही."

"एकही नाही? मग काय उघडंच सोडतात?"

"चीर एवढी लहान असते, बाबा, की ती आपोआप मिटते."

चाळीस वर्षांत आपोआप मिटणारी शिवण त्यांनी पाहिली नव्हती. ते खुर्चीवरून सावकाश उतरले, तिच्या शेजारी बसले आणि तळहाताने फरशी चाचपू लागले.

"तू करणार?"

"नाही. आमच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. गच्चीवर आमच्या बाजूने खेळतात."

"कशा खेळतात?"

"दहा डावांत एकदा चेंडू पडतो त्यांच्याकडून. तोही दुसऱ्याने वाईट दिला म्हणून."

सासऱ्यांनी मूठ तिच्या ओंजळीत रिकामी केली. अर्धे मणी, अर्धे बिस्किटाचे तुकडे.

"घे त्यांची वेळ," ते म्हणाले. "पण आधी नीट विचार कर. मला तुझे टाके स्पष्ट दिसायला लागले, तर या घरात सगळ्यात जास्त त्रास तुलाच होणार आहे."