रानपिंगळ्याचे उत्तर

यावलच्या रानात भर सकाळी रुचीने यंत्रातून रानपिंगळ्याची, म्हणजे त्या दुर्मिळ छोट्या घुबडाची, हाक वाजवली. माझी ही नात पक्ष्यांचा अभ्यास करते. एका जरी रानपिंगळ्याने उलट हाक दिली, तर या सागवनातून जाणारा रस्ता अडवता येणार होता.

"अक्का, अजिबात हलू नका."

मला असे बजावण्याची हिंमत यापूर्वी फक्त तिच्या आजोबांनी केली होती. नानाही दर हिवाळ्यात त्याच हाकेची आपली ध्वनिफीत वाजवत याच झाडांखाली उभे राहत. नुकतेच त्यांचे वर्षश्राद्ध झाले.

समोरच्या सागावरून उत्तर आले. तीच हाक, अगदी स्पष्ट. रुचीच्या डोळ्यांत पाणी आले. "आहे, अक्का! रान वाचलं!"

पाठोपाठ त्याच सागावरून कुणीतरी दोनदा खाकरले.

नानांच्या फितीत प्रत्येक हाकेनंतर त्यांचे ते खाकरणे होते. त्यावरून मी त्यांना कितीदा बोलले असेन! रुचीच्या यंत्रात मात्र ते नव्हते.

"नाना?" रुचीने माझा पदर घट्ट धरला.

मी वर पाहिले. लांब शेपटीचा काळा भृंगराज बसला होता, ऐकेल त्या आवाजाची नक्कल करणारा.

"पदर सोड. नाना नाहीत, पक्षी आहे. आणि जिच्यासाठी तू रडलीस, ती हाकही त्याने नानांच्या फितीवरूनच उचलली आहे."

आम्ही परत फिरलो. ओढ्यापर्यंत झाडाझाडांवरून रानपिंगळा हाक देत होता, आणि नाना खाकरत होते.