न उठलेली सभा

"रोझली, तू बाहेर थांब," सरपंच इलाय म्हणाला आणि सभेच्या खोलीचं दार त्यानं तिच्या तोंडावर लावून घेतलं.

आत ओजिब्वे या आदिवासी जमातीची सगळी वस्ती बसली होती. तिचे चुलते, मावश्या, लहानपणी जिच्याबरोबर तळ्यात डुंबली ती प्रत्येक पोरगी. रोझलीची आई नुकतीच गेली होती. आईच्या घरात रोझलीनं राहायचं की निघायचं, ते आत ठरणार होतं. आणि तिलाच आत बसायला बंदी. का? तर कॅनडा सरकारच्या लेखी ती इंडियन, म्हणजे तिथली मूळ आदिवासी, नव्हती.

जन्मली तेव्हा होती की! चांगली अस्सल. मग एका गोऱ्या खाणकामगाराशी लग्न केलं आणि कायद्यानं तिचं इंडियनपण त्याच दिवशी काढून घेतलं. नवरा खाणीत दगावला, ती माहेरी परत आली. इंडियनपण काही परत आलं नाही. आणि इंडियन नाही त्याला वस्तीत घर नाही.

तिची भावजय मोरीन बघा. लाल केस, नाकावर ठिपके, आयरिश शेतकऱ्याची पोर. रोझलीच्या भावाशी लग्न केलं आणि झाली इंडियन! भाऊ गेला तरी ती इंडियनच. आता सासूचं घर तिचंच होणार होतं.

पायरीवर म्हातारा अँब्रोझकाका पाइप ओढत बसला होता. खोकल्यामुळे त्याला कुणी सभेत घेत नसे.

"रडतेस काय?" तो म्हणाला. "अगं, एक खलाशी वाट चुकला. जायचं होतं मिरी-दालचिनीच्या देशाला, उतरला इकडे, आणि आपल्याला इंडियन म्हणत सुटला. त्या येड्याची चूक अजून कुणाला निस्तरता आली नाही. तू कशी निस्तरणार?"

"हसा, काका. तुम्हाला कुणी घराबाहेर नाही काढत."

रोझलीचं राहणं आता मोरीनच्या शब्दावर टांगलेलं होतं आणि मोरीनचा तिला काडीचा भरवसा नव्हता. दोघींचं सकाळी मिठावरून वाजायचं, संध्याकाळी सरपणावरून. आता घर एकटीला मिळतंय म्हटल्यावर कोण सोडेल? रोझलीनं कपड्यांची पिशवी भरूनच ठेवली होती.

ती खिडकीशी गेली.

"कायदा मी नाही केला," आत इलाय सांगत होता. "सरकारी कचेरीतला साहेब रोज विचारतो, काढली का तिला? आज ठरवायलाच पाहिजे."

त्यानं बोलायचा दगड उचलला. वस्तीची जुनी रीत. दगड ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही. दगड फिरून सरपंचाकडे आल्याशिवाय मतं घ्यायची नाहीत, सभाही उठवायची नाही. सुरुवात नेहमी थोरल्या माणसापासून व्हायची. आज इलायनं तो सरळ मोरीनच्या हातात ठेवला.

"घर तुझं. तूच सांग. सावकाश बोल, आम्हाला घाई नाही."

मोरीननं दगड मांडीवर घेतला. सगळे कान टवकारून बसले.

ती बोललीच नाही.

थोड्या वेळानं तिनं पिशवीतून विणकाम काढलं. सुया टिकटिक करायला लागल्या. कुणी घसा खाकरला, कुणी पाय बदलला, एक मावशी पदर नाही म्हणून रुमाल तोंडात कोंबून हसायला लागली. बोलणार कोण? दगड हिच्याकडे! मोज्याची टाच वळून झाली तशी मोरीन उठली. कोट चढवला, दगड कोटाच्या खिशात टाकला आणि सगळ्यांच्या मधून चालत बाहेर आली. मागोमाग इलाय दारापर्यंत आला. त्यानं तोंड उघडलं. मिटलं.

अँब्रोझकाका हसून हसून खोकला, खोकून खोकून रडला. "सभा उठलीच नाही! उठली नाही तर निकाल नाही. निकाल नाही तर तुला काढणार कोण?"

"चल घरी," मोरीन रोझलीला म्हणाली. "आणि आज मीठ मी घालणार."

कचेरीतल्या साहेबानं विचारलं की इलाय सांगायचा, "सभा चालू आहे, साहेब." असे किती साहेब आले नि बदलून गेले. बाकीच्या कामांना इलायनं तळ्यावरून दुसरा दगड आणला. सरपंचाची कशी जिरली म्हणून रोझली मनातून खूश. दर हंगामाला ती तळ्यातला नवा रानतांदूळ घरोघर वाटायची, फक्त इलायचं दार सोडून. ज्यानं आपल्याला बाहेर काढलं त्याच्याशी ती शब्द बोलली नाही.

बरीच वर्षं गेली. मग एकदाचा कायदा बदलला. रोझली पुन्हा इंडियन झाली. त्या हंगामात दोघी होडीतून रानतांदळात शिरल्या. रोझली मागं उभी राहून काठीनं होडी रेटत होती. मोरीन दांडक्यांनी कणसं होडीत झोडत होती. दोघींचे केस आता सारखेच पांढरे.

"मोरीन, तुझे उपकार मी कुठं फेडू? आणि बये, तुला ही युक्ती सुचली तरी कशी?"

मोरीनची दांडकी थांबली.

"मला कुठली सुचायला? आता सांगायला हरकत नाही. सभेच्या आदल्या रात्री इलाय मागच्या दारानं आला होता. म्हणाला, 'मी उघड तुमची बाजू घेतली तर कचेरी मला काढेल आणि त्यांच्या मर्जीतला माणूस बसवेल. उद्या दगड तुझ्या हातात देतो. परत मागणार नाही. पण रोझलीला सांगू नकोस. ती मला शिव्या घालत राहिली पाहिजे, म्हणजे साहेबाला खरं वाटेल.'"

रोझलीनं काठी रोवून होडी वळवली आणि पलीकडच्या काठावरच्या इलायच्या घराकडे रेटायला लागली.