गार भिंती

परीक्षकांनी विजेच्या वर्षभराच्या वापराचे आकडे पुन्हा तपासले आणि चष्मा काढला.

"उन्हाळ्यातसुद्धा एवढाच वापर?"

"भिंती आतून पोकळ आहेत. गरम हवा मधल्या उंच झरोक्यातून वर निघून जाते," वास्तुरचनाकार म्हणाला. "पंखेसुद्धा फारसे लागत नाहीत."

आवाज शांत ठेवताना त्याची दमछाक होत होती. हरित इमारतीचं हे प्रमाणपत्र नुसत्या आराखड्यावर मिळत नसे. माणसं वर्षभर राहिली की प्रत्यक्ष वापर मोजला जाई. याच पद्धतीने मुलांचं रुग्णालय बांधायचं की नाही, तेही आजच ठरणार होतं.

वृद्धनिवासाच्या अंगणात सगळी मंडळी झाडाखाली बसली होती. हवा छान होती. परीक्षकांनी त्यांनाच विचारलं, "खोल्यांत उकडत नाही ना?"

"छे हो!" निवृत्त शिंपी म्हणाले. जन्मभर मापं घेतली म्हणून त्यांना सगळे मेजर म्हणत. "मला तर सासुरवाडी आठवते. तिथलं स्वागतही असंच थंड असायचं."

हशा पिकला. वास्तुरचनाकाराची आईही हसली. पोराने बांधलेल्या घरातच राहीन, असा हट्ट धरून ती इथे आली होती. तो दर रविवारी येई, तेव्हा ती अंगणातच भेटे. उन्हाळ्यात खिडक्या-खिडक्यांवर ओल्या चादरी दिसल्या, तेव्हा तो चिडला होता. "इमारतीची शोभा घालवताय तुम्ही!"

"मग धुणं काय तुझ्या डोक्यावर वाळत घालू?" ती म्हणाली होती. तेव्हा ती बरीच वाळली होती. त्याने विचारलं, तर "वय झालं रे" म्हणून तिने विषय उडवून लावला.

परीक्षकांनी सही केली. "सर्वोच्च श्रेणी. रुग्णालयाच्या बांधकामालाही आजच मंजुरी कळवतो. अभिनंदन!"

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली. तो आईपाशी जाऊन बसला.

"गेले ना रे ते? नक्की?"

"गेले. मिळालं, आई."

तिने पदराने डोळे टिपले. मग गुडघ्यांवर हात टेकत उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोराचं काम झालं हो! वर्षभर सोसलंत. आता जा, खुशाल पंखे लावा!"