रविवारचा कचरा

सत्याऐंशी साली आमच्या कॉलेजच्या एन.एस.एस.ला उत्कृष्ट स्वच्छताकार्याची ढाल मिळाली. ती मिळालीच नाही असं धरून पुढे वाचा.

साकीनाक्यामागची एक वस्ती आम्ही दत्तक घेतली होती आणि दर रविवारी जाऊन तिथलं गटार उपसायचो. ढाल मिळाल्यावर ती वस्तीत दाखवायची म्हणून मी आणि अनुपमा त्या रविवारी जरा लवकरच पोचलो. गटार लख्ख होतं, आणि तिथल्या प्रेमाकाकी घमेल्याने त्यात कचरा ओतत होत्या.

"आज लवकर इलास रे? थांबा, कचरो टाकून झालो नाय."

"काकी, पण गटार साफ कोणी केलं?" मी विचारलं.

"आमीच. दर शनिवारी करतो. पण तुमी पोरां लांबसून येतास, काम नाय गावला तर तोंडां पडतत."

अनुपमा म्हणाली, "म्हणजे वर्षभर आम्ही..."

"तुका वास सोसणा नाय ना, म्हणान तुझ्या बाजूक निसती शेंगांची फोलां टाकतंय."

अनुपमाने ढाल हळूच ओढणीखाली घेतली. मी काहीतरी करायचं म्हणून फावडं उचललं. "ता नको, जड आसा," म्हणत काकींनी ते काढून घेतलं आणि माझ्या हातात खराटा दिला.

***

मा. प्राचार्यांस नम्र विनंती की, वार्षिक अहवालातील "विद्यार्थ्यांनी वस्ती दत्तक घेतली" या वाक्याऐवजी "वस्तीने विद्यार्थी दत्तक घेतले" अशी दुरुस्ती करून सदर ढाल प्रेमाकाकींच्या नावे करण्यात यावी.