लाल रंगातली भिंत

“माणसामाणसांतल्या भिंती पडल्याशिवाय जग सुखी होणार नाही!” अशी घोषणा करून निवृत्त साहेबांनी सुरुवात स्वतःच्या स्वयंपाकघरापासून केली. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं आणि आर्किटेक्टबाईंनी हॉल आणि ओट्याच्या मधली भिंत लाल रंगात रंगवली. लाल म्हणजे पाडायची, निळी म्हणजे नवी बांधायची.

“आता सोफ्यावर बसल्याबसल्या हिला दिवसभर सांगता येईल,” साहेब खुशीत म्हणाले. “मीठ किती घालायचं, गॅस कधी बारीक करायचा, सगळं इथूनच दिसेल!” तेवढ्यात फोन वाजला, म्हणून ते गॅलरीत गेले.

चहाचा कप पुढे करत काकू हळूच म्हणाल्या, “अगं, ही भिंत पाडली तर वरचा स्लॅब खाली येईल, असं सांग ना ह्यांना.”

“पण काकू, ही नुसती आडोशाची चार इंची भिंत आहे. हिच्यावर कसलाच भार नाही.”

काकूंनी गॅलरीकडे एकदा बघून घेतलं.



“मग तोंडी नको सांगूस. जन्मभर ऑफिसात ह्यांनी माणसाचं कधी ऐकलं नाही. नकाशावरच लिही, आणि खाली तेवढा एक शिक्का मारून दे.”