वर पाह्य

कबड्डी खेळताना समोरच्या मुलीचं कोपर प्राचीच्या डोळ्याखाली लागलं, त्याला तीन दिवस झाले होते. डोळ्यावर ना सूज होती, ना लाली. पण अन्न पोटात ठरेना, म्हणून गावातल्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून रूपाली लेकीला आंजीहून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन आली.

"मान न हलवता माझ्या बोटाकडे पाहा," म्हणत डॉक्टरांनी बोट वर नेलं. प्राचीचा उजवा डोळा वर गेला. डावा जागचा हलला नाही. लगेच तिला उमासा आला.

स्कॅन पाहून डॉक्टर म्हणाले, "डोळ्याखालचं हाड चिरलंय आणि त्या फटीत स्नायू अडकलाय. डोळा वर जाणारच नाही; वर पाहिलं की तो स्नायू ताणतो आणि उलटी होते. आजच ऑपरेशन करू. उशीर का केलात?"

रूपाली म्हणाली, "मले वाटलं, शाळा बुडवाले ढोंग करून राह्यली. मी बोलली, तर नजर वर करेना. 'माह्याकडं पाह्य' म्हटलं, तरी खालीच पाहे. मंग मी काल तिच्या त्याच गालावर मारलं, डॉक्टर."

प्राचीनं आईचा हात धरला.

"लागलं नाई वं आई. कोपर लागलं तवापासून तो गाल सुन्नच हाये."