निरोपाचा शब्द

समुद्रतळावरील खाणीच्या निर्गमनद्वारापाशी पराग उभा होता. यंत्रांनी खणावे आणि त्याने त्यांच्याकडे केवळ पाहत राहावे, अशा त्या पहिल्या नोकरीचा पाच वर्षांचा करार आज संपत होता. द्वार माणसाचा उच्चार ऐके आणि तोच करार मानी. ‘जातो’ म्हणणाऱ्यास ते मुक्त करी. ‘येतो’ म्हणणाऱ्यास पुनश्च पाच वर्षे बांधून घेई. शब्द त्यास कळे, रीत कळत नसे.

निरोप देण्यास स्वयंपाकघरातल्या इंदुमावशी आल्या होत्या. मागे याच द्वारी त्या सवयीने ‘येते’ म्हणाल्या होत्या आणि तेव्हापासून येथेच होत्या.

“बोल की रे! जिभेला कुलूप लागलंय का?”

“मावशी, ‘जातो’ कसं म्हणू? घरातून निघताना तसं तोंडातून गेलं, तर आई परत बसवायची. म्हणायची, अभद्र बोलू नकोस, ‘येतो’ म्हण.”

“खरंच आहे तिचं. पण आज तू आपला ‘जातो’ म्हण. पुढचं माझ्याकडे.”

परागने डोळे मिटले.

“मावशी, जातो.”

द्वार उघडले. तो उंबरठा ओलांडीत असता मागून मावशींचा स्वर आला, “ये हो, बाळा.”